शल्यवैद्याच्या मदतीस आलेले डुक्कर

वैशाखातील ऊन किती कडक असते, हे जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, माणसे सावली धरून बसतात आणि गुरे झाडाखालून हलत नाहीत. अशा दिवसांत डुकरे पाळणारा एखादा मनुष्य ती विक्रीसाठी भर दुपारी धरावयास जातो. पळापळ होते, आरडाओरड होते, काठ्या बसतात. शेवटी पाय बांधून जनावरे गाडीत एकावर एक घातली जातात. बाजार गाठेपर्यंत त्यांतील एखादे धट्टेकट्टे जनावर मरून पडलेले असते. ‘ऊन लागले’ एवढे म्हणून मालक नशिबाला बोल लावतो आणि गप्प बसतो.

असे मृत्यू केवळ उष्ण प्रदेशातच होतात असे नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी युरोप व अमेरिकेच्या थंड हवेतही चांगली पोसलेली, अंगाने भरलेली डुकरे वाहतुकीत व कत्तलखान्याच्या दारात अचानक ताठ होऊन मरत असत. फरक एवढाच की, तेथे पशुपालक, मांसशास्त्रज्ञ व पशुवैद्य यांनी त्या मृत्यूची नोंद ठेवली व कारणाचा पाठपुरावा केला. त्या शोधाचे धागे पुढे शस्त्रक्रियेच्या टेबलावर दगावणाऱ्या माणसांपर्यंत जाऊन पोचले, आणि त्यांचे प्राण वाचविण्याचा उपाय हाती आला. गावात ज्या जनावराचे नाव शिवी म्हणून घेतले जाते, त्याने शल्यवैद्याला केलेली ही मदत समजून घेण्याजोगी आहे.

डुक्करच का?

डुकराच्या व माणसाच्या शरीररचनेतील साम्य वैद्यांच्या ध्यानी फार पूर्वी आले होते. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी रोम येथे गॅलेन या वैद्याने लोकांसमोर ओरडणाऱ्या डुकराच्या मानेतील एक बारीक मज्जातंतू बांधून दाखविला. त्याबरोबर डुकराचा आवाज बंद झाला. आवाज हृदयातून निघत नाही, त्याचे नियमन मेंदूकडून आलेल्या मज्जातंतूने होते, हे त्यावरून सिद्ध झाले. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांना गलगंड हा रोग पूर्वीपासून परिचित आहे. गलगंडाची शस्त्रक्रिया करताना शल्यवैद्य आजही हाच मज्जातंतू जिवापाड जपतो. कारण तो दुखावला तर रोग्याचा आवाज बसतो.

हृदयाच्या बाबतीत हे साम्य अधिकच जवळचे आहे. चांगल्या जातीचे, नीट पोसलेले डुक्कर सहा-सात महिन्यांत ८० ते ९० किलो वजनाचे होते आणि त्या वयात त्याचे हृदय आकाराने जवळजवळ प्रौढ माणसाच्या हृदयाएवढे असते. चार कप्पे, चार झडपा, हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांची मांडणी, या सर्व गोष्टी माणसाशी पुष्कळशा जुळतात. त्यामुळे माणसासाठी तयार केलेली नळी, फुगा वा झडप लहान न करता आहे त्याच मापात डुकराच्या हृदयात बसवून पाहता येते. उंदीर वा सशाच्या बाबतीत हे शक्य होत नाही.

मुंबईत परळ येथील के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले हृदयारोपण केले. दक्षिण आफ्रिकेतील जगातील पहिल्या हृदयारोपणास तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रोगी सुमारे तीन तासच जगला. परंतु हे धाडस आकस्मिक नव्हते. त्यामागे प्रयोगशाळेत कुत्र्यांवर केलेला अनेक वर्षांचा सराव होता. त्या काळी हृदयावरील प्रयोगांसाठी जगभर मुख्यतः कुत्राच वापरला जात असे. पुढे हे स्थान बहुतांशी डुकराकडे गेले.

त्याचे एक कारण पांझरेकाठच्या फडातील शेतकऱ्यास पाटाच्या उदाहरणाने सहज समजेल. एखाद्या फडाला दोन-तीन पाट असून ते मध्ये बारीक चाऱ्यांनी एकमेकांस जोडलेले असले, तर एक पाट बुजला तरी दुसऱ्या पाटाचे पाणी त्या पिकापर्यंत पोचते. कुत्र्याच्या हृदयाची व्यवस्था बरीचशी अशीच असते. एक रोहिणी बंद केली तरी शेजारच्या रोहिणीतून बारीक वाहिन्यांवाटे रक्त येते. म्हणून हृदयाचा नेमका किती भाग मरेल याचा अंदाज बांधता येत नाही. डुकराच्या हृदयात अशा जोडवाहिन्या फार थोड्या असतात. एक पाट बंद झाला की त्याखालचे पीक सुकलेच. ज्यास पूर्वी हृदयाचा काही त्रास नव्हता अशा माणसाला अकस्मात झटका येतो, तेव्हा त्याच्या हृदयातही पुष्कळदा असेच घडते. झटका आल्यावर किती वेळात रक्त पुन्हा सुरू केले तर किती स्नायू वाचतो, या अत्यंत महत्त्वाच्या प्रश्नाचा अभ्यास डुकरावर म्हणूनच खात्रीने करता येतो.

रोहिणीतील जाळी

छातीत कळ येऊन जळगावच्या, धुळ्याच्या वा नाशिकच्या रुग्णालयात गेलेला व ‘आत जाळी बसविली’ असे सांगत परत आलेला एखादा तरी गृहस्थ आता बहुतेक मोठ्या गावांत भेटतो. ही जाळी, म्हणजेच स्टेंट, रोग्याच्या छातीत बसण्यापूर्वी तिच्या जातीची परीक्षा डुकराच्या हृदयात होत आलेली आहे.

सन १९७७ मध्ये झुरिक येथे डॉ. आंद्रियास ग्रुंट्सिग यांनी चिंचोळी झालेली हृदयरोहिणी बारीक फुग्याने आतून रुंद करून दाखविली. छाती न उघडता केलेला हा उपाय मोठाच होता; परंतु त्यात एक उणीव राहिली. सुमारे तीन रोग्यांमागे एकाची रोहिणी काही महिन्यांतच पुन्हा आकसू लागली. फुग्याने झालेली जखम भरताना आतील पेशी गरजेपेक्षा अधिक वाढत व वाट पुन्हा बुजवीत.

ही वाढ थांबविण्यासाठी नाना औषधे उंदरांवर योजण्यात आली. रक्तदाबावरील एका वर्गाचे औषध उंदरांत गुणकारी ठरल्याने मोठी आशा निर्माण झाली. पण माणसांवर त्याची पद्धतशीर चाचणी घेतली तेव्हा काहीच उपयोग दिसला नाही. त्याच वर्गाचे औषध डुकरांना देऊन पाहिले असता तेथेही ते निरुपयोगी ठरले. म्हणजे या बाबतीत उंदराने दिशाभूल केली आणि डुकराने खरे सांगितले. सन १९९० मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिक या संस्थेतील डॉ. रॉबर्ट श्वार्ट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी डुकराच्या हृदयरोहिणीस मोजून जखम करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जखम जितकी खोल तितकी आतील वाढ जाड, असा हिशेब तीवरून मांडता आला. माणसात जी गोष्ट दिसावयास अनेक महिने लागतात, ती डुकरात सुमारे चार आठवड्यांत दिसू लागते. पेशींची वाढ रोखणारे औषध लावलेल्या जाळ्या २००० सालानंतर वापरात आल्या; त्यांचा सुरक्षितपणा तपासण्याचे बरेच काम डुकरांवर झाले आहे.

या जाळीची किंमत हा गरीब कुटुंबापुढील मोठा प्रश्न होता. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र शासनाने तिला मर्यादा घातली. साध्या जाळीस ७,२६० रुपये व औषधी जाळीस २९,६०० रुपये अशा कमाल किमती त्या वेळी करांखेरीज ठरविण्यात आल्या. राज्याच्या महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतही हृदयावरील अनेक उपचारांचा समावेश आहे. परंतु छातीत कळ आल्यावर उशीर केला, तर यांपैकी कशाचाही पुरता उपयोग होत नाही. रक्तावाचून हृदयाचा स्नायू घटकेघटकेने मरत जातो, हे प्रयोगशाळेत वारंवार दिसून आले आहे. ‘पित्त झाले असेल, सकाळी पाहू’ असे म्हणत रात्र काढू नये, ही गोष्ट ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरोघर सांगावयास हवी.

भुलीतील ज्वर आणि बाजारातील मृत्यू

आता आरंभीच्या गोष्टीकडे वळू. सन १९६० मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे पाय मोडलेला एक एकवीस वर्षांचा तरुण रुग्णालयात आला. त्याला मोडलेल्या पायापेक्षा भुलीचीच भीती अधिक वाटत होती. कारण त्याच्या घराण्यातील दहा माणसे भूल दिल्यानंतर मरण पावली होती. डॉक्टरांनी निराळे औषध वापरून सावधपणे भूल दिली. तरीही त्याचे अंग तापू लागले आणि रक्तदाब उतरला. भूल तत्काळ थांबवून त्याला बर्फाने थंड केल्यामुळे तो वाचला. डॉ. मायकेल डेनबरो व त्यांच्या सहकाऱ्याने हे प्रकरण प्रसिद्ध केले, आणि हा दोष आनुवंशिक असावा हे वैद्यकाच्या लक्षात आले. परंतु कारण कळले नव्हते व उपायही नव्हता. अशा दहा रोग्यांपैकी सात-आठ दगावत. बरे, ज्याच्या अंगी हा दोष असे तो इतर वेळी अगदी निरोगी दिसे.

सन १९६६ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिज येथील पशुवैद्यांनी अशीच विलक्षण घटना डुकरांत नोंदविली. भूल दिलेली काही लँड्रेस जातीची डुकरे लाकडासारखी ताठ झाली, अंग भाजू लागले व ती मेली. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन येथे यकृतारोपणाचा अभ्यास चालू असता डॉ. गेसफर्ड हॅरिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनाही लँड्रेस डुकरांत हेच दृश्य दिसले. मेलबर्नचा तरुण व ही डुकरे एकाच दोषाची बळी होती, हे त्यांनी ओळखले.

तिकडे मांसशास्त्रज्ञ आपल्या परीने दुसऱ्या टोकाने याच प्रश्नाशी झुंजत होते. धावपळ, मारझोड किंवा वाहतूक यांच्या ताणाने काही डुकरे मरत, आणि जी कत्तलखान्यापर्यंत पोचत त्यांचे मांस पांढुरके, लिबलिबीत व पाणी सुटणारे निघे. त्या मालास भाव मिळत नसे. हळूहळू उलगडा झाला की, बाजारातील मृत्यू, बिघडलेले मांस व भुलीतील ज्वर ही एकाच दोषाची तीन रूपे होत.

हा दोष असा आहे. स्नायू आकुंचन पावताना पेशीतील एका कोठारातून चुना, म्हणजे कॅल्शियम, बाहेर सुटतो व काम झाल्यावर परत आत घेतला जातो. या कोठारास एक दार असते. दोषी जनावरात ते दार ताणाने वा भुलीच्या विशिष्ट औषधाने उघडले की मिटतच नाही. सर्व स्नायू एकदम आवळून राहतात, शरीरातील इंधन भराभर जळते, आम्ल साठते आणि अंगाची उष्णता काही मिनिटांत प्राणघातक होते. बांधाचे दार मोडून पाट अखंड वाहत राहावा व सगळे शेत चिबडून जावे, तसा हा प्रकार आहे.

डँट्रोलीन नावाचे, स्नायू सैल करणारे एक औषध त्या वेळी उपलब्ध होते. डॉ. हॅरिसन यांनी १९७५ मध्ये ते अशा दोषी डुकरांना ज्वर चढला असता शिरेतून दिले. ताठलेले स्नायू सैल झाले, ज्वर उतरला व एरवी हटकून मरणारी डुकरे वाचली. १९७९ मध्ये शिरेतून देण्याच्या या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. जेथे हे औषध वेळेवर हाताशी असते, तेथे या ज्वराने मरणाऱ्यांचे प्रमाण आता शेकडा दहाच्या खाली आले आहे. इतक्या दुर्मिळ व अकस्मात उद्भवणाऱ्या रोगाचे औषध माणसांवर चाचणी घेऊन शोधणे जवळजवळ अशक्यच होते. दोषी डुकरे होती म्हणूनच ते सापडले.

या कथेतून ग्रामीण घरांनी घ्यावयाचा एक साधा बोध आहे. आपल्या आप्तांपैकी कोणी भूल दिल्यानंतर तीव्र ज्वर येऊन दगावले असल्यास, शस्त्रक्रियेपूर्वी ही गोष्ट भूल देणाऱ्या डॉक्टरांस आवर्जून सांगावी. मेलबर्नच्या त्या तरुणाचा जीव त्याने दिलेल्या अशाच माहितीमुळे वाचला.

ज्ञान परत गोठ्यात आले

शल्यगृहात उपयोगी पडलेले हे ज्ञान पुन्हा पशुपालकाकडे आले. १९७० नंतर युरोपात पैदाशीच्या पिलांना भुलीचे औषध क्षणभर हुंगवून पाहण्याची रीत पडली. जी पिले ताठ होत ती पैदाशीतून वगळली जात. १९९१ मध्ये कॅनडातील शास्त्रज्ञांनी या दोषाचे मूळ शोधून काढले. त्या दाराची कृती ठरविणाऱ्या आनुवंशिक मजकुरात केवळ एका अक्षराचा बदल झालेला होता. त्यानंतर रक्ताच्या थेंबावरून सदोष जनावर ओळखता येऊ लागले.

हा दोष कळपात इतका पसरलाच कसा, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्या जनावरांत तो होता, ती अंगाने भरलेली व कमी चरबीची दिसत. खरेदीदारास तसेच जनावर हवे होते. म्हणून पैदासकारांनी नेमकी तीच नरमादी निवडली आणि नकळत दोषाचीही निवड झाली. एकाच गुणावर डोळा ठेवून वळू, बोकड वा वराह निवडणाऱ्या प्रत्येकास हा इशारा आहे. निवड करताना अंगाच्या भरणीबरोबर जनावराची प्रकृती व सोशिकपणाही पाहावा.

साम्याच्या मर्यादा आणि माणसाचे कर्तव्य

डुक्कर म्हणजे माणूस नव्हे. प्रयोगातील डुक्कर बहुधा तरुण व निरोगी असते. माणसाच्या रोहिणीत वर्षानुवर्षे साचलेले चरबीचे व चुन्याचे थर त्याच्यात नसतात. त्याच्या हृदयाची लयही लवकर बिघडते. म्हणून डुकरात सिद्ध झालेली गोष्ट माणसावर काळजीपूर्वक पारखूनच स्वीकारावी लागते. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठात आनुवंशिक बदल केलेल्या डुकराचे हृदय एका रोग्यास बसविण्यात आले. तो सुमारे दोन महिने जगला. त्या हृदयात डुकरांमध्ये आढळणारा एक विषाणू दडून राहिला होता, हे नंतर उघडकीस आले. ज्या कळपातून जनावर घ्यावयाचे तो कळप किती काटेकोरपणे निरोगी ठेवावा लागतो, हे यावरून दिसून येते.

दुसरी गोष्ट दयेची. डुक्कर हुशार जनावर आहे; त्यालाही वेदना व भय कळते. भारतात १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे प्रयोगांवर देखरेख करणारी समिती नेमण्याची तरतूद झाली आणि १९९८ मध्ये त्यासाठी सविस्तर नियम करण्यात आले. संस्थेची नोंदणी, प्रयोगापूर्वी परवानगी, भूल व वेदनाशामक यांचा वापर, पशुवैद्याची देखरेख या गोष्टी बंधनकारक आहेत. गावातील मोकाट डुकरे धरून प्रयोगासाठी नेली जातात, ही समजूत चुकीची आहे. ज्या जनावराचे कूळ, वय, आहार व आरोग्य ठाऊक नाही, त्यावरील प्रयोगास शास्त्रातही किंमत नाही. १९५९ मध्ये रसेल व बर्च या दोन ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन सूत्रे सांगितली: शक्य तेथे प्राण्याऐवजी अन्य साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमीत कमी ठेवावी आणि क्लेश हलके करावेत. आज या कार्यात तीच सूत्रे जगभर प्रमाण मानली जातात.

खानदेशातील पालकांनी काय करावे?

प्रयोगशाळेतील डुक्कर सावलीत, कोरड्या व स्वच्छ जागी, भयावाचून वाढते, म्हणूनच ते भरवशाचे ठरते. गावातील वराहपालकासही हाच नियम लागू आहे.

१. डुकरास घाम जवळजवळ येतच नाही. उन्हाळ्यात दाट सावली, भरपूर पिण्याचे पाणी व अंग भिजविण्याची सोय केल्यावाचून ते जनावर उष्णता सोसू शकत नाही.

२. वाहतूक पहाटे वा रात्री करावी. निघण्यापूर्वी काही तास खाद्य बंद ठेवावे. पाणी मात्र द्यावे. गाडीत दाटी करू नये, पाय बांधू नयेत आणि निरनिराळ्या कळपांतील जनावरे एकत्र घालू नयेत.

३. धरताना काठी वापरू नये. फळी आडवी धरून हळूहळू पुढे सरकविल्यास जनावर आपण होऊन चढते.

४. जनावर धापा टाकू लागल्यास त्याला हलवू नये. सावलीत ठेवून अंगावर थोडे थोडे पाणी टाकावे व पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क साधावा.

५. डुकरे मोकाट सोडू नयेत. माणसाची विष्ठा खाल्ल्याने त्यांच्या मांसात पट्टकृमीच्या गाठी होतात. त्या पट्टकृमीची अंडी अस्वच्छतेमुळे माणसाच्या पोटात गेली, तर मेंदूतही गाठी होऊन झटके येतात. शौचालयाचा वापर व बंदिस्त पालन हाच यावर उपाय होय.

६. अचानक झालेला मृत्यू लपवू नये. सन २०२० मध्ये आफ्रिकन वराहज्वर प्रथमच भारतात, आसाम व अरुणाचल प्रदेशात, आढळला. तो माणसास होत नाही. पण कळपच्या कळप नष्ट करतो. साथीच्या रोगांची सूचना देणे २००९ च्या कायद्यान्वये पशुमालकाचे कर्तव्य आहे.

हा शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा होय. बाजाराच्या वाटेवर मेलेल्या जनावरांबद्दल ‘ऊन लागले’ किंवा ‘नशीब’ एवढेच म्हणून सर्वांनी स्वस्थ बसावयाचे ठरविले असते, तर त्यांच्या मृत्यूचा व शल्यगृहातील मृत्यूचा संबंध कोणाच्याच ध्यानी आला नसता. आपल्या गोठ्यात जे दिसले ते नीट पाहणे, दिवस व वेळ लक्षात ठेवणे आणि पशुवैद्यास जसेच्या तसे सांगणे, एवढे काम प्रत्येक पशुपालकास करता येण्याजोगे आहे. ज्याचे जनावर वाचेल त्याचा संसार सावरेल. आणि त्याने सांगितलेल्या गोष्टीतून उद्या एखाद्या माणसाचा प्राणही वाचू शकेल.